लेमुएल हॅस्किन्सचं पान

सरलाबाई खांबेटे फेब्रुवारीत अ‍ॅमस्टेलव्हीनला लेकाकडे आल्या त्या तीन महिन्यांसाठी. बरोबर दोन बॅगा, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि परतीचं तिकीट. मार्चमध्ये जगाने दारं लावून घेतली. सप्टेंबर उजाडला तरी बाई तिथेच. विमानं सुटायला लागली होती, नाही असं नाही, पण ठाण्यातले आकडे बघून गंधार म्हणायचा, "आई, वेडी आहेस का? इथे बस." म्हणून त्या बसल्या होत्या.

बसायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती गप्प बसायला. नौपाड्यातल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर गाणं शिकवलेली बाई ती. आणि इथे गंधार माळ्यावर कॉलवर, सून हिमानी जेवणाच्या टेबलावर कॉलवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात कुकरची शिट्टीसुद्धा वर्ज्य. एकदा त्यांनी तानपुरा अगदी बारीक आवाजात लावला, तर युट्रेख्तच्या क्लायंटने गंधारला विचारलं, तुमचा फ्रीज बिघडलाय का? त्या दिवसापासून तानपुरा बॅगेत. मुलाचं नाव कौतुकाने गंधार ठेवलं आणि त्यालाच सूर सहन होईना. आता कोणाला सांगायचं?

त्यामुळे सरलाबाईंच्या वाट्याला दिवसभरात जे काही संगीत यायचं, ते कुंपणापलीकडून.

पलीकडे हेंक व्हिसर राहायचा. सत्तरी ओलांडलेला, भूगोलाचा निवृत्त मास्तर. उंच इतका, की लाकडी कुंपणावरून त्याचं डोकं आपोआप दिसे. सरलाबाईंना मात्र त्याच्याशी बोलायला रिकामी कुंडी उलटी घालून तिच्यावर उभं राहावं लागे. बायको तिनेके दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. दुपारचं जेवण झालं, की तो मागच्या शेडच्या पायरीवर बसून बँजो वाजवी. जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज. त्याला जेवण म्हणणं सरलाबाईंच्या जिवावर येई, पण त्याचं घर, त्याचं पोट.

बँजो म्हटल्यावर सरलाबाईंना आधी आपली मिरवणुकीतली बेंजो पार्टीच आठवली होती. हे निराळंच निघालं. चामडं ताणलेलं गोल तोंड, लांब दांडी, पाच तारा. त्यातली एक तार आखूड, निम्म्या दांडीवरूनच निघालेली, आणि अंगठा सारखा तिच्यावर जाऊन येतो. बाकीच्या तारा कुठेही भटकोत, ही आपली एकच सूर धरून बसलेली.

"अहो, ही तर चिकारी!" त्या कुंडीवरून ओरडल्या. मग सतारीला अशीच तार असते हे त्यांनी हेंकला इंग्रजीत समजावलं. हेंकने मान डोलावली. त्याचं इंग्रजी डच वळणाचं, यांचं नौपाडा वळणाचं. पण दोघेही मास्तर, त्यामुळे सावकाश आणि खणखणीत बोलायची सवय दोघांनाही होती.

एक धून तो रोज वाजवायचा. साधीच, चार ओळींची, पण तिसऱ्या ओळीत एके ठिकाणी अंगठा यायचा तो यायचाच नाही. एक मात्रा रिकामी, आणि मग हात पुन्हा धावायला लागायचा. त्या रिकाम्या मात्रेवर सरलाबाईंनी पहिल्यांदा मोठ्याने "वा!" म्हटलं, तेव्हा हेंक लहान मुलासारखा लाजला.

"तुम्हाला कळली," तो म्हणाला. "पन्नास वर्षांत माझ्या बँजो क्लबमधल्या कोणालाही कळली नाही. ती जागा साधायला मला दोन वर्षं लागली."

"तुमचे गुरू कोण?"

"कोणी नाही. मी स्वतःच शिकलो, रेकॉर्डवरून."

"रेकॉर्डवर कोणीतरी वाजवत असेल ना? की यंत्र आपलं आपण वाजत होतं?"

हेंक जरा ओशाळला. "लेमुएल हॅस्किन्स," तो म्हणाला.

"मग हे नाव आधी घ्यायचं. म्हणे स्वतःच शिकलो!"

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डचं कव्हर आणून दाखवलं, दीड मीटर अंतर राखून, पतंग दाखवावा तसं हात लांब करून. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं एक खेडं, साल एकोणीसशे सहासष्ट. लाकडी घराचा ओटा, खुर्चीत एक काळा, काटकुळा माणूस, डोक्याला टोपी, मांडीवर बँजो. कॅमेऱ्याकडे न बघता तो पलीकडे कुठेतरी बघत होता. कव्हरवर ठळक अक्षरांत नाव होतं ते गाडीच्या डिकीत मशीन घालून रेकॉर्डिंग करत हिंडणाऱ्या प्रोफेसरांचं. हॅस्किन्स मागच्या बाजूला, बारीक टायपात. आणि धुनेपुढे लिहिलेलं, पारंपरिक.

"हे बरंय," सरलाबाई म्हणाल्या. "फोटो काढणाऱ्याचं नाव मोठं आणि नवरदेवाचं बारीक."

मग उन्हाळाभर हेंक त्यांना कुंपणावरून तो सगळा इतिहास सांगत राहिला. भूगोलाचा मास्तर, त्यामुळे हवेत नकाशा काढून. आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेली. हातात काहीच न्यायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी वाद्य डोक्यात नेलं आणि तिथे भोपळ्यावर चामडं ताणून पुन्हा केलं. पुढे ते गोऱ्यांनी उचललं, आणि तोंडाला काळं फासून, त्याच लोकांची नक्कल करत, त्याच वाद्यावर गल्ला जमवला. ती थट्टा इतकी वर्षं चालली, की काळ्या माणसांनाच आपल्या वाद्याची लाज वाटायला लागली आणि हळूहळू त्यांनी ते खाली ठेवलं. मग रेकॉर्ड कंपन्या आल्या. खेड्यात काळे-गोरे एकाच ओट्यावर एकाच चाली वाजवत होते, पण कंपन्यांनी काळ्यांच्या रेकॉर्डची यादी निराळी आणि गोऱ्यांची निराळी केली. आणि बँजो म्हणजे डोंगरातल्या गोऱ्या माणसाचं वाद्य, असं सगळं जग समजून चाललं.

"तुम्हीसुद्धा?" सरलाबाईंनी विचारलं.

"मीसुद्धा. ही रेकॉर्ड हातात पडेपर्यंत."

सरलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कलावंतिणी गायच्या. त्यांचं गाणं सभ्य घरांनी घेतलं, परीक्षा काढल्या, सर्टिफिकिटं वाटली. मीही त्यातलंच शिकवलं. त्या बायकांची नावं मात्र कुठल्याही परीक्षेत विचारली नाहीत. सगळीकडे मेली तीच तऱ्हा."

अशी ती मैत्री. आता इथे जरा लक्ष द्या, कारण पुढे जे झालं ते निव्वळ सरलाबाईंच्या चांगुलपणामुळे झालं, आणि चांगुलपणाइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

सर्वपित्री अमावास्या आली. सरलाबाईंचे यजमान रमेशराव जाऊन चार वर्षं झाली होती. ठाण्याला त्या दर वर्षी गच्चीवर पान ठेवत, इथे गंधारच्या बागेतल्या शेडच्या छपरावर ठेवायचं ठरलं. पहाटे उठून त्यांनी खीर केली, वडे तळले, गवारीची आणि भोपळ्याची भाजी केली. केळीचं पान भारतीय दुकानातून गोठवलेलं मिळालं. कुंडीवर चढून त्यांनी ते छपरावर सरकवलं आणि "काऽव काऽव" अशी हाक मारली. तो आवाज माळ्यावरच्या मीटिंगमध्येही ऐकू गेला, पण त्या दिवशी गंधारची काही बोलायची छाती झाली नाही.

कावळा लगेच आला. हात मागे घ्यायचीही फुरसत दिली नाही, वडा उचलून पसार. सरलाबाईंचे डोळे भरून आले. "जेवायला उशीर झालेला यांना कधी खपला नाही हो," त्या हेंकला म्हणाल्या.

हेंक पलीकडून सगळं बघत होता. हे काय, असं त्याने विचारलं. सरलाबाईंनी सांगितलं, की गेलेल्या माणसांना आज जेवू घालतात. ज्यांच्या जाण्याची तिथी माहीत नाही त्यांनाही आजच. आणि हो, गुरूलाही घालता येतं.

हेंक जन्माचा नास्तिक. तिनेकेला निरोप देतानाही त्याने पाद्री येऊ दिला नव्हता. पण तो जरा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "मग एक लेमुएल हॅस्किन्ससाठी ठेवाल?"

"ते गेले कधी?"

"माहीत नाही. पण गेलेच असणार. असल्या रेकॉर्डवरची माणसं नेहमी गेलेलीच असतात."

सरलाबाईंना हे कारण पुरेसं वाटलं. चुकलं असेल तर इथे. पण तुम्हीच सांगा, शिष्याच्या तोंडून ऐकल्यावर आणखी कोणाला विचारायचं? दुसरं पान वाढलं आणि हेंकने स्वतःच्या हाताने ते स्वतःच्या शेडवर ठेवलं. "त्यांचं नाव घ्या," सरलाबाई म्हणाल्या, आणि हेंकने ते मोठ्याने घेतलं.

कावळा आला. पानाकडे बघितलं, मान वाकडी केली आणि परत रमेशरावांच्या पानावर जाऊन उरलेली खीर खाल्ली. दुसरा आला, तोही तसाच. अ‍ॅमस्टेलव्हीनचे कावळे म्हणजे कचऱ्याच्या पिशव्या फाडून कागदसुद्धा खाणारे, पण हॅस्किन्सच्या वड्याला एकाने चोच लावली तर शपथ.

"काय झालं?" हेंकने विचारलं.

आता इथे बाईंनी थाप मारायला हवी होती. पण मारली नाही. "शिवत नाहीये," त्या म्हणाल्या. "काहीतरी इच्छा राहिली असणार."

मग रीतीप्रमाणे कबुल्या सुरू झाल्या. सरलाबाई सांगत गेल्या, हेंक म्हणत गेला. तुमचं नाव घेतल्याशिवाय वाजवणार नाही. कावळा ढिम्म. तुमची धून पुढे कोणाला तरी शिकवीन. ढिम्म. शेवटी हेंक डच भाषेत स्वतःच्याच मनाने काहीतरी लांबलचक बोलला, ते सरलाबाईंना कळलं नाही आणि कावळ्यालाही मानवलं नाही. संध्याकाळपर्यंत खीर आटून गेली.

हिमानीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, त्यांच्या शेडवर कबुतरं घालवायला प्लास्टिकचं घुबड बसवलंय. कावळे कसे येतील?"

"सहा महिने मी रोज बघतेय. त्या घुबडाच्या डोक्यावरच बसतात मेले."



दुसऱ्या दिवशी दुपारी बँजो वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरलाबाईंना वाटलं, पाऊस आहे. मग ऊन पडलं, तरी नाही. त्या कुंडीवर चढल्या. हेंक पायरीवर नुसताच बसला होता आणि बँजो शेडमध्ये खुंटीला लटकलेला.

"उचलला, की वाटतं हॅस्किन्स माझ्याकडे बघतोय," हेंक म्हणाला. "पन्नास वर्षं मी त्याचं खातोय. क्लबमध्ये लोक या धुनेला 'हेंकची धून' म्हणतात. मी एकदाही कोणाला थांबवलं नाही. तिनेके गेल्यानंतर हा बँजो होता म्हणून मी सकाळी उठत होतो. आता हातच चालत नाही, मेफ्राउ सरला." मेफ्राउ म्हणजे तिकडचं 'बाई'. तो नेहमी असंच म्हणायचा.

"अहो, पण तुम्ही नास्तिक ना?"

"मी आहे," हेंक म्हणाला. "कावळा नाहीये ना."

सरलाबाई कुंडीवरून उतरल्या त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. एका चांगल्या माणसाचं त्यांनी वाटोळं केलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि स्वार्थाचं सांगायचं तर त्यांच्याही दुपारी मुक्या झाल्या होत्या. यंदा अधिक मास, नवरात्रही महिनाभर लांब. घरात कीबोर्डची टकटक सोडून आवाज नव्हता. दर्भाचा कावळा करून शिववायचा, हा शेवटचा उपाय त्यांच्या मनात येऊन गेला, पण इथे दर्भ कुठला? आणि हेंकच्या लॉनचं गवत हॅस्किन्सना चालेल का, याची त्यांना खात्री नव्हती. त्यापेक्षा राहिलेली इच्छा शोधून काढावी आणि पुरी करावी. ती हॅस्किन्सच्या घरच्यांनाच माहीत असणार.

"हिमानी," त्या म्हणाल्या, "तुझं ते कॉम्प्युटरवरचं काम झालं, की या माणसाची मुलंबाळं कुठे आहेत ते बघ."

हिमानी बँकेत संशयास्पद व्यवहार शोधून काढायचं काम करायची. तिला शोधायला काहीही चालत असे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तिने लॅपटॉपमधून मान वर केली, आणि तिचा चेहरा बघून सरलाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आई, त्यांच्या गावच्या चर्चचं पान सापडलं. वृद्धाश्रमातल्या सभासदांना शुभेच्छापत्रं पाठवा, असं आवाहन आहे. त्यात लेमुएल हॅस्किन्स आहेत. वय ब्याण्णव."

"शुभेच्छापत्रं कशाला? गेलेल्या माणसाला?"

"गेले नाहीत. परवा वाढदिवस झाला. हा बघा केक."

सरलाबाईंच्या डोळ्यांपुढे शेडवरचं ते पान आलं. जिवंत माणसाचं पान वाढलं! खीर-वडे घालून! त्याच्या नावाने हाका मारल्या! आणि साथ अशी, की रोज माणसं जातायत. उद्या काही बरंवाईट झालं, तर पाप कोणाच्या माथी? मग त्यांना आठवलं, की जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. एवढा एकच धागा धरून त्या कुंडीवर चढल्या.

हेंकने बातमी ऐकली आणि प्लास्टिकच्या घुबडाकडे बघितलं. "म्हणजे कावळ्याला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुम्हाला मात्र पन्नास वर्षांत चौकशी करावीशी वाटली नाही!" सरलाबाई कडाडल्या. त्यांना खरोखरच राग आला होता. "एक पत्र टाकायचं होतं! गुरू जिवंत आणि शिष्य इथे कव्हर पुसत बसलाय!"

हेंकने मान खाली घातली. उंच माणसाने मान खाली घातली, की फारच वाईट दिसतं.

हिमानीने चर्चला फोन लावला, चर्चने नातीला गाठलं. नात मोनिक, शाळेची बस चालवणारी. आजोबांना भेटून सात महिने झाले, असं तिने सांगितलं. आश्रमात कोणाला आत सोडत नाहीत, ती खिडकीबाहेर उभी राहून हात हलवते. आजोबा बँजो वाजवायचे, हे तिने फक्त ऐकलं होतं. घरात बँजोचं नाव निघत नसे. ती म्हणाली, आमच्यात ते चांगलं समजत नव्हते, ती थट्टा लोक विसरले नव्हते. व्हिडिओ कॉलची व्यवस्था मात्र तिने लगेच केली. ती तिच्या घरून कॉलवर येणार होती आणि आजोबांसमोर नर्स टॅबलेट धरणार होती.

"आई, श्राद्धाचं काही बोलू नका," हिमानीने बजावलं.

"वेडी आहेस? ते कसं बोलेन?"

ठरल्या दिवशी हेंकच्या बागेत टेबल मांडलं. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. माळ्यावर गंधारचा कॉल चालूच होता. हेंक इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर बँजो घेऊन बसला होता, पण हात मांड्यांवर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अंतर राखून, सरलाबाई आणि हिमानी.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग नर्सचा कान, मग उशीवर टेकलेला एक वाळलेला चेहरा. सरलाबाईंनी तो ओळखला. अजूनही तो कॅमेऱ्याकडे न बघता पलीकडेच बघत होता.

"नमस्कार," सरलाबाई म्हणाल्या. "मी तुमचं श्राद्ध घातलं. माफ करा."

हिमानीने कपाळावर हात मारला. पण आता बाई थांबायला तयार नव्हत्या. कावळा, खीर, वडे, कबुल्या, सगळं त्यांनी सांगून टाकलं. मोनिक तोंडाला हात लावून ऐकत होती. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पक्ष्याने खाल्लं नाही?"

"नाही."

"मग इकडे पाठवायचं. इथे उकडलेली गाजरं देतात."

"तुमची काही इच्छा राहिली आहे का?"

"सांगितलं ना आत्ता." मग त्यांची नजर सरकत हेंकवर आली. "हा कोण?"

"तुमचा शिष्य," सरलाबाई म्हणाल्या.

"मी नाही कोणाला शिकवलं. शिकवलं असतं तर लक्षात राहिलं असतं. वाजव बघू."

हेंक म्हणाला, हात चालत नाही. म्हातारबुवा म्हणाले, माझाही चालत नाही, पण मी ब्याण्णव वर्षांचा आहे, तुझं काय? मग हेंकने बँजो उचलला. तीन आठवड्यांत तारा उतरल्या होत्या. त्याने त्या चढवल्या आणि धून सुरू केली. पहिल्या दोन ओळी थरथरत गेल्या, तिसरीत हात स्थिरावला, आणि ती जागा आली. अंगठा थांबला. सरलाबाईंच्या तोंडून सवयीने "वा!" निघून गेलं.

"थांब," म्हातारबुवा म्हणाले. "हे काय केलंस?"

"तुमची जागा," हेंक म्हणाला.

"माझी?" त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. नर्सने घाबरून टॅबलेट खाली ठेवला, परत छत दिसायला लागलं. नुसता खोकला ऐकू येत होता, आणि खोकल्याच्या मधून हसू. "चिंधी होती ती!" आवाज आला. "आदल्या दिवशी तंबाखू कापताना अंगठा चिरला होता. चिंधी बांधली होती. त्या ठिकाणी अंगठा खालच्या तारेवर यावा लागतो, तिथे चिंधी अडकायची. मी प्रोफेसरांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात या. ते म्हणाले, संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचंय."

हेंकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पन्नास वर्षं मी चिंधी वाजवतोय," तो म्हणाला.

सरलाबाईंचीही अवस्था बरी नव्हती. सगळा उन्हाळा त्यांनी त्या चिंधीला दाद दिली होती. पण बाई शेवटी मास्तरीण. "मग तिथे खरं काय आहे?" त्यांनी विचारलं. "म्हणून दाखवा."

नर्सने टॅबलेट पुन्हा वर धरला आणि म्हातारबुवांनी गुणगुणायला सुरुवात केली. आवाज फुटका, दम अपुरा, पण सूर जागच्या जागी. मोनिक आपल्या स्वयंपाकघरात अगदी स्तब्ध बसली होती. आजोबांना गाताना ती पहिल्यांदाच ऐकत होती. रिकाम्या मात्रेच्या ठिकाणी तीन स्वर होते, खाली येऊन पुन्हा वर जाणारे, आणि त्यांच्यामुळे तिसरी ओळ चौथीत कुठे मिसळते तेच कळत नव्हतं. सरलाबाईंनी ते एकदा ऐकले आणि मोकळ्या आवाजात, सात महिन्यांत पहिल्यांदा, सरगम करून परत म्हटले.

माळ्याची खिडकी उघडली. "आई! कॉल चालू आहे!"

"ठेव मग!" सरलाबाई वर न बघता म्हणाल्या, आणि पुन्हा म्हटलं.

म्हातारबुवा आता टॅबलेटच्या अगदी जवळ आले होते. "बरोबर," ते म्हणाले. "ही बाई कोण?"

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" सरलाबाईंनी विचारलं.

"आजवर कोणी विचारलं नाही." ते पुन्हा पलीकडे बघायला लागले. "आईने. मिनर्व्हा तिचं नाव. तंबाखू शेकत घातला, की रात्रभर भट्टीवर लक्ष ठेवावं लागायचं. तिथे ती वाजवायची, कारण तिथे चर्चचं कोणी यायचं नाही. हे तिनेच केलेलं, तिचं स्वतःचं. मी प्रोफेसरांना सांगितलं होतं, आईचं आहे म्हणून. ते म्हणाले, छान. आणि पारंपरिक लिहिलं."

मोनिक म्हणाली, "पणजीचं? आम्हाला कधी नाही सांगितलंत."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

मग शिकवणी सुरू झाली. म्हातारबुवा पांघरुणावर अंगठा आपटून दाखवत होते, सरलाबाई स्वर सांगत होत्या आणि हेंक चुकत होता. पन्नास वर्षांची सवय, अंगठा त्या जागी येऊन अडकायचाच. हेंक डचमध्ये काहीतरी पुटपुटायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. नर्स म्हणाली, आता औषधाची वेळ झाली. म्हातारबुवा म्हणाले, औषध इथेच राहणार आहे, कुठे पळून जात नाही. इथे अंधार पडायला लागला. हिमानीने आतून दिवा आणला. गंधार कधीतरी खाली येऊन कुंपणाशी उभा राहिला होता, कानातलं यंत्र हातात घेऊन.

आणि मग एकदा अंगठा उतरला. तिन्ही स्वर निघाले, तिसरी ओळ चौथीत गेली आणि धून न थांबता शेवटापर्यंत पोचली. हेंक थांबला. त्याचे हात अजून तारांवरच होते.

पडद्यावर म्हातारबुवांचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावरची एक रेषाही हलत नव्हती. मोनिकने "आजोबा?" अशी हाक मारली. नर्स वाकली.

"हां," म्हातारबुवा डोळे न उघडताच म्हणाले. "ही आई."

हेंकच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

"परत," म्हातारबुवा म्हणाले.